दसऱ्यानंतरच्या रविवारचा भाकरतुकडा

प्रथम तारखा. वर्ष लिहीत नाही, कारण संबंधितांना ते पक्के ठाऊक आहे आणि इतरांचे त्यावाचून काही अडत नाही.

पितृपक्षातला गुरुवार, दुपारची वेळ: माझ्या मुलाचा डोंबिवलीहून दूरध्वनी. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी दहाच्या सुमारास: त्याच्या कुत्र्याचे आमच्या वर्तकनगरच्या घरी आगमन. तोच रविवार, त्यानंतर फार तर पाच मिनिटांनी: दुर्घटना. त्या दिवसापासून पुढचे नऊ दिवस: आमच्या जुन्या कुत्रीचा उंबऱ्याबाहेर मुक्काम. दहावा दिवस, मंगळवार: जे घडले ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण घडले हे खरे.

आता जबाबदार व्यक्ती. एक, माझा मुलगा. दोन, ज्यांच्या सल्ल्याने सर्व करावयाचे ठरले ते श्वानप्रशिक्षक. तीन, माझी पत्नी. चार, तळमजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्या तव्यावरची भाकरी या प्रकरणात वापरली गेली. पाच, आमच्या सोसायटीचे सचिव. सहाव्या क्रमांकाची जागा मी बरेच दिवस रिकामी ठेवली होती. ती भरली, पण कशी भरली ते क्रमानेच सांगितले पाहिजे.

मी कल्याणला दस्तनोंदणीच्या कार्यालयात आयुष्य घालवले. दोन माणसांनी एकमेकांना काय दिले आणि केव्हा दिले, हे कागदावर आणल्याशिवाय ते दिले गेले असे मी मानत नाही. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असे पत्नीला वाटले होते. उलट वाढली. गटार, पथदिवे, सोसायटीची पाण्याची वेळ, कशावरही मी पत्र लिहितो आणि पोच घेतो. हे सांगण्याचे कारण एवढेच, की जे झाले ते निष्काळजीपणातून झाले असे कोणी म्हणू नये. मी सर्व काही लिहून घेतले होते.

आमच्या घरी आधीपासून एक कुत्री होती, अजून आहे. तपकिरी, गावठी, उंचीने माझ्या गुडघ्याच्या खाली. अकरा वर्षांपूर्वी माझी पत्नी आंबिवलीला एका बारशाला गेली आणि परतताना स्टेशनबाहेर सापडलेले हे पिल्लू कापडी पिशवीतून घेऊन आली. मी तेव्हा पत्नीला लेखी हरकत दिली होती. तिने तो कागद पिल्लाखाली अंथरला.

मुलाचा कुत्रा ग्रेट डेन जातीचा. करड्या रंगाचा, दोन वर्षांचा, वजनाला जवळजवळ माझ्याएवढा. उभा राहिला की त्याची पाठ आमच्या जेवणाच्या टेबलाला लागते. मुलाची बदली झाली आणि नव्या शहरातल्या घरमालकाने एवढा प्राणी ठेवून घेण्यास नकार दिला. त्या गुरुवारी मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, अकराच महिन्यांचा प्रश्न आहे. मग मी दुसरं घर बघतो आणि घेऊन जातो."

"अकरा महिने हा शब्द तू भाडेकराराचा वापरतो आहेस," मी म्हणालो. "भाडेकराराचे नूतनीकरण होत असते. तुझे होणार नाही, हे लिहून दे."

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"म्हणूनच लिहून दे."

मी सहा अटींचे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले. उत्तरादाखल मोबाइलवर उंचावलेला अंगठा आला. नोंदणी कार्यालयात अंगठा मी हजारो वेळा पाहिला आहे, पण त्याखाली शाई असायची.

दोन कुत्रे घरात ठेवायचे तर नामकरणाआधीच नाते ठरवावे लागते, हे पत्नीचे म्हणणे. नावे दोघांनाही होतीच, पण ती त्यांना थोरली आणि धाकटा म्हणू लागली. धाकट्याच्या पोटाखालून थोरली आरामात निघून जाऊ शकते, याचा त्या संबोधनावर काही परिणाम झाला नाही. मीही पुढे तेच शब्द वापरतो.

श्वानप्रशिक्षक मुलाच्या ओळखीचे, डोंबिवलीचेच, बोलण्यात अतिशय गोड. "काका, टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले. "पहिली भेट घरात नाही करायची. न्यूट्रल जागा बघा. दोघांना लांबून समांतर चालवा, मग जवळ आणा. घरात आधी जुनी जाऊ दे, मग नवा. आणि मधे खाणं आणायचं नाही. खाण्याची वस्तू दोघांमधे दिसलीच नाही पाहिजे. बाकी ते आपापसात सॉर्ट करतात."

मी हे नऊ कलमांत उतरवले. खाण्याचे कलम सातवे. एक प्रत फ्रिजवर, एक मुलाला, एक फायलीत. तटस्थ जागेसाठी मी तीन दिवस हिंडलो. येऊरच्या पायथ्याचा रस्ता चांगला होता, पण तो तिथल्या भटक्या कुत्र्यांच्या ताब्यात आहे आणि ताबा ते सोडत नाहीत. शेवटी पोखरण रस्त्याजवळ एका बंद कारखान्याची लांब भिंत सापडली. तिथे कोणाचाच हक्क नव्हता, किंवा असला तर तो अनेक वर्षे कोणी बजावला नव्हता.

त्या रविवारी सर्व काही कलमाप्रमाणे झाले. मुलगा धाकट्याला घेऊन रस्त्याच्या पलीकडे, मी थोरलीला घेऊन अलीकडे. भिंतीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. तिसऱ्या फेरीला थोरलीने त्याच्याकडे पाहिले. पाचव्या फेरीला तिने त्याच्या मागच्या पायाचा वास घेतला आणि त्याने इतका मोठा प्राणी असूनही श्वास रोखून धरला. मुलगा म्हणाला, "बघा बाबा, झालं." मी म्हणालो, "अजून तीन कलमे बाकी आहेत." पण मलाही समाधान वाटले होते, हे नाकारत नाही.

आम्ही घरी आलो. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. दारात पत्नी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. घरात कोणी प्रथमच राहायला येत असेल तर त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडू देत नाहीत. सुनेवरून टाकला होता, नातीवरून टाकला होता, शस्त्रक्रियेनंतर मी परतलो तेव्हा माझ्यावरूनही टाकला होता. त्यामुळे त्या क्षणी मला त्यात गैर असे काहीच दिसले नाही. हा शब्दशः खरा जबाब आहे. सातवे कलम माझ्याच हस्ताक्षरात फ्रिजवर होते आणि मला तो तुकडा खाण्याची वस्तू वाटला नाही. ती विधीची वस्तू होती.

पुढे झाले ते असे. पत्नीने धाकट्याच्या तोंडासमोरून तीनदा हात फिरवला. तो डोळे विस्फारून हाताबरोबर मान फिरवत होता. मग तिने तुकडा बाजूला, आमच्या जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत टाकला. आणि थोरली, जी कलमाप्रमाणे आधीच घरात गेली होती, ती उंबऱ्यावरून उडी मारून बाहेर आली.

कारण गेली अकरा वर्षे ओवाळून टाकलेला तो तुकडा तीच खात होती. सुनेवरचा तिने खाल्ला, नातीवरचा खाल्ला, माझ्यावरचाही. कोणी तिला अडवले नव्हते, आम्हाला तर ते शुभच वाटत असे. ही वहिवाट होती. वहिवाटीने हक्क मिळवायला कायदा वीस वर्षे मागतो, हे मला ठाऊक आहे. पण कुत्रीच्या आयुष्यात अकरा वर्षे म्हणजे किती, याचा कायद्याने विचार केलेला नाही.

धाकट्याची बाजूही मी मांडली पाहिजे. एखाद्याच्या नाकासमोरून भाकरी तीनदा फिरवली, तर ती त्याच्यासाठीच आहे असे समजण्यात त्याची काय चूक?

दोन तोंडे एका तुकड्यावर गेली. आवाज असा झाला, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय पडलं?" म्हणून ओरडले. पुढच्या क्षणी धाकटा घरात पळून न्हाणीघराच्या दारामागे जाऊन अडकला होता आणि ओरडत होता. थोरलीच्या डाव्या कानाची पाळ फाटली होती आणि ती ओरडत नव्हती. तुकडा तसाच पडला होता.

डॉक्टरांनी कानाला टाके घातले. परत आणले तेव्हा थोरली जिना चढली, दारापर्यंत आली आणि चपलांच्या मांडणीशेजारी बसली. आत येईना. उचलून आत ठेवली तर चालत बाहेर गेली आणि तिथेच बसली. पाणी बाहेर प्यायली. ताटलीतले खाणे तिने बाहेरही धड खाल्ले नाही. आणि आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, धाकटा उभा. तो बाहेर यायला घाबरे. त्याला फिरवायला न्यायचे तर पत्नी थोरलीवर चादर धरून उभी राही, मग मुलगा त्याला भिंतीकडून नेई. दोन दिवसांनी मुलगा नव्या शहरी गेला आणि ते काम माझ्याकडे आले.

चौथ्या दिवशी सचिवांनी फलकावर सूचना लावली, की सामाईक जागेत प्राण्यांना बसवू नये. मी लेखी विचारले, की कुत्रीला मी बसवले आहे याचा पुरावा काय? ती स्वतःहून बसली आहे आणि तिला उठवण्याचे माझे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले आहेत. सचिव जिन्यात भेटले. "काका, उत्तर कशाला लिहिता? आत घ्या ना तिला."

"तुम्ही घेऊन दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी खरेच वाकून च्यक् च्यक् केले. थोरलीने त्यांच्याकडे पाहून शेपटी हलवली आणि तिथेच बसून राहिली. "तुमच्यावरच रागावलीय ती," सचिव म्हणाले आणि खाली गेले. हे वाक्य मी त्यांच्याविरुद्ध नोंदवून ठेवले आहे.

मुलाचा फोन रोज येत होता. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, असं चालणार नाही. म्हातारपणी तिला बाहेर कशाला? माझ्या मित्राची खडवलीला वाडी आहे. राखणीला मोठा कुत्रा हवाच आहे त्यांना. येत्या रविवारी मी येतो आणि सोडतो त्याला तिकडे."

"कायमचा?"

"बघू ना."

म्हणजे आठवडाभरात अकरा महिन्यांचे "बघू ना" झाले. तरीही मी तत्काळ नाही म्हणालो नाही, हे मान्य करतो. फाटलेला कान माझ्या डोळ्यांपुढे होता आणि त्या क्षणी मला धाकटा घरातून जावा असेच वाटत होते. फक्त स्थळपाहणी केल्याशिवाय संमती द्यायची नाही, म्हणून शनिवारी कल्याणला गाडी बदलून खडवलीला गेलो.

वाडी सुरेख होती. आंब्याची झाडे, विहीर, नवे पत्र्याचे फाटक. फाटकाशेजारी एक लोखंडी खुंटी होती आणि खुंटीभोवती जमिनीवर एक गोल. बाकी सगळीकडे पावसाळ्यानंतरचे गवत, त्या गोलात गवताची काडी नाही. माती अगदी गुळगुळीत झालेली. साखळी जिथवर पुरते तिथवर गोल.

राखणदार माझ्याच वयाचे होते. "आधीचा कुत्रा?" मी विचारले.

"गेला हो तो श्रावणात. तुमचा चावतो ना?"

"तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो."

"मग कसं व्हायचं? चावायला पाहिजे." आणि दिलासा देत म्हणाले, "बांधून ठेवला की शिकतात."

मी तो गोल पावलांनी मोजू लागलो आणि मधेच थांबलो. मोजून मी कोणाला कळवणार होतो? मुलाला मी त्याच दिवशी फोनवर वाचून दाखवून मग पत्र टाकले, की रविवारी येण्याची गरज नाही, खडवलीचा प्रस्ताव नामंजूर. कारण विचारशील तर स्थळपाहणीचा अहवाल सोबत जोडला आहे. अहवालात एकच ओळ होती: "खुंटीभोवती गवत उगवत नाही."

पण त्याने थोरली आत आली नाही. एक बाहेर उपाशी बसलेली आणि दुसऱ्याला आता मी जाऊ देणार नव्हतो. माझ्या दोन्ही निर्णयांचा मेळ बसत नव्हता.

आठव्या दिवशी तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या सासऱ्यांची ही जमीन, तिच्यावर आमची इमारत उभी आहे. खालची दोन घरे त्यांची. वयाने माझ्या बरोबरीच्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी दारातून आत डोकावून धाकट्याकडे पाहिले. "यो कुत्रा हाय का घोरा?" मग खाली थोरलीकडे. "आनि ही का बाहेर? भाकरी माजी गोड नव्हती का?"

मी त्यांना जबाबदार व्यक्तींच्या यादीबद्दल सांगितले नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळले असावे. "माज्याकडं नका बघू, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी भाकरी दिली. मागायला कोन आला व्हता?"

पत्नी आतून म्हणाली, "तेच मी आठ दिवस म्हणतेय. मी पोळीचा तुकडा घेऊन उभी होते. यांनीच वर येता येता पाहिलं आणि म्हणाले, भाकरीच पाहिजे. तशीच प्रथा आहे. आणि मुलाला दोन्ही कुत्र्यांसकट जिन्यात उभं करून खाली पळाले."

हे खरे आहे. मला आठवत नव्हते असे मी लिहू शकलो असतो, पण आठवत होते. थोरलीला पोळी मुळीच आवडत नाही. पोळीचा तुकडा पडला असता तर ती उंबऱ्यावरून उठलीही नसती. विधी काटेकोर व्हावा म्हणून मी तळमजल्यावरून ताजी, तांदळाची, अजून वाफ असलेली भाकरी आणली. माझे स्वतःचे सातवे कलम मी स्वतः दोन जिने चढून मोडले. यादीतली सहावी जागा त्या दुपारी भरली.

वहिनी जाता जाता म्हणाल्या, "हिच्यावरनं कदी ओवाललाव का?"

नव्हता ओवाळला. ती पिशवीतून आली होती आणि तिच्या स्वागताला माझी लेखी हरकत होती. अकरा वर्षे इतरांवरून टाकलेले तिने खाल्ले.

नवव्या दिवशी सकाळी मी स्वतः भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन जिन्यापुढे गेलो. धाकट्याला आतल्या खोलीत कोंडले. थोरलीवरून तीनदा ओवाळले. तुकडा तिच्यासमोर टाकला. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. दुपारी झाडणाऱ्या बाईंनी तो उचलून नेला.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, थोरली घरात होती.

ती कधी आली हे कोणी पाहिले नाही. मी सचिवांना दुसरे पत्र लिहीत होतो, पत्नी स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भाजत होती. मान वर केली तर थोरली टेबलाखाली तिच्या जुन्या जागी पडलेली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर धाकटा, अजूनही उभा, हलायची छाती होत नसल्यासारखा. पत्नी म्हणाली भाजणीच्या वासाने आली. सचिव म्हणाले सूचनेचा परिणाम. वहिनी म्हणाल्या ओवाळल्याने. प्रशिक्षक फोनवर म्हणाले, "बघा काका, म्हटलं नव्हतं, सॉर्ट करतात?" प्रत्येकाने श्रेय घेतले. नऊ दिवस जबाबदारी घ्यायला मात्र यांतले कोणी पुढे आले नव्हते.

आणि मला विचाराल तर मला माहीत नाही. आयुष्यभर मी प्रत्येक नोंदीचे कारण लिहिले. या एका नोंदीपुढे रकाना कोरा आहे.

त्याला आता अकरा महिने होत आले. त्यांचे जमले, असे म्हणता येत नाही. ती त्याच्या अंगाला अंग लागू देत नाही. तो तिच्या ताटलीकडे पाहत नाही, तिचे खाणे होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. हे त्याला कोणी शिकवले नाही. मी त्याला फिरवून आणेपर्यंत ती दारात उभी असते आणि तो आत आला की त्याच्यावर गुरगुरते. ती त्याची वाट पाहत असते की तो परत येऊ नये म्हणून उभी असते? मी रोज पाहतो आणि मला रोज वेगळे वाटते. पत्नी म्हणते, "अहो, आपलं तरी काय वेगळं आहे?"

असे सर्व अर्धवट, पण चालू असताना गेल्या आठवड्यात मुलाचा संदेश आला. नव्या शहरातला मुक्काम वाढला आहे. घर अजून मिळालेले नाही. "तुम्हाला आणखी किती त्रास देणार. खडवलीवाल्यांशी बोललो आहे, ते अजून तयार आहेत." शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र.

मी उत्तर म्हणून अंगठा पाठवलेला नाही. हे लिहीत आहे.

गणपतीला आमच्याकडे सगळे येतात: मुलगा, सून, नात, डोंबिवलीचे व्याही, प्रशिक्षकांनाही मी निमंत्रण दिले आहे. सचिव आणि वहिनी दरवर्षी असतातच. माझी मागणी अशी, की पहिल्या दिवशी आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी, कारण प्रसादाआधी आमच्याकडे कोणी उठत नाही, माझ्या मुलाने सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावे. हा कुत्रा कोणाचा? ज्याने अकरा महिन्यांचा अंगठा पाठवला त्याचा, ज्याच्या दारात त्याच्यावरून भाकरतुकडा टाकला त्याचा, की खडवलीच्या खुंटीचा? उत्तर कुजबुजत, फोनवर किंवा चित्राने चालणार नाही. थोरली टेबलाखाली असेल, धाकटा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा असेल. त्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने ते सांगावे. उत्तर काय यावे अशी माझी इच्छा आहे, हे मात्र मला कोणी विचारू नये. त्याने आधी बोलावे.